नक्की वाढवायचं?

मोडणं हे माझं काम आहे. ऑफिसच्या कागदांवर माझा हुद्दा टेस्टर असा आहे, पण आमचे प्रेमराज सर पाहुण्यांना सांगतात, "ही हेमांगी. आम्ही जे बनवतो ते ही मोडते." भडगावला माझी आई अजून विचारते, की मोडायचा पगार कोण शहाणा देतो. मी म्हणते, शहाणाच देतो. गिऱ्हाइकानं मोडण्याआधी आपण मोडलेलं बरं.

आमचं ऑफिस जळगावात, टायरच्या दुकानाच्या वर. खाली हातोड्यांचा धडाका चालू असतो आणि वर आम्ही यंत्रांचे स्क्रीन बनवतो. यंत्र दुसऱ्या कुणाचं असतं. त्यावर जो हातभर रुंदीचाही नसलेला काचेचा तुकडा असतो, त्याच्यावर काय दिसावं, बोट कुठे टेकवलं की काय व्हावं, कुठला शब्द कुठे यावा, ते आमचं. दूध डेअरीचं फॅट मोजायचं यंत्र आम्ही केलं, केळी पिकवायच्या थंड खोल्यांचं केलं. मग गुजरातकडची एक कंपनी ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आली. घरी पलंगाशेजारी ठेवायचं. ते हवेतून ऑक्सिजन काढतं आणि नळीनं नाकाशी पोहोचवतं. पेशंटच्या बोटाला एक चिमटा. रक्तातला ऑक्सिजन उतरला की स्क्रीन लाल होणार, पीं पीं करणार आणि घरच्या माणसाला एक बटण दाबायला सांगणार. दाबलं की ऑक्सिजन एक पायरी जास्त. डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीपुढे ते जातच नाही, म्हणून घरच्यांनी घाबरायचं कारण नाही.

तो स्क्रीन डिंपलनं केला. डिंपल माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. असोद्याची पोर, रोज स्कूटीवर येते, डबा दोघींचा आणते आणि शब्दांवरून कुणाशीही भांडते. तिचं एकच म्हणणं: ज्या स्क्रीनबरोबर माहितीचं पुस्तक द्यावं लागतं, तो स्क्रीन नापास. समजावून सांगायला बनवणारा पेशंटच्या घरी बसलेला नसतो. लाल झालेल्या काचेपुढे माणूस एकटा असतो, त्याचे हात थरथरत असतात, आणि त्या वेळी त्याला कळलं पाहिजे. मला तिचं हे म्हणणं पटायचं. अजूनही पटतं, आणि तेच तर दुखतं.

कंपनीचे लोक मराठी म्हणजे इंग्रजीवर टाकलेला पातळ कपडा समजत. त्यांनी बटणावर लिहून पाठवलं होतं, 'प्रवाह वृद्धी'. डिंपल फोनवर कडाडली, "अहो, प्रवाह गिरणा नदीला असतो! पेशंटच्या बायकोला कसला प्रवाह?" मग तिनं 'ऑक्सिजन वाढवा' असं घातलं. पण बटणाची रुंदी कंपनीनं ठरवलेली, त्यात एक रेघही हलवू देईनात. स्क्रीनवर उमटलं 'ऑक्सिजन वा'. पुढचं कापलं गेलं. आम्ही दोन दिवस ऑफिसात एकमेकांना "वा! ऑक्सिजन, वा!" अशी दाद देत फिरलो. अक्षर बारीक करावं तर म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेना. शेवटी डिंपलनं पुढचा शब्द काढून टाकला. ठसठशीत मोठ्या अक्षरात राहिलं, 'वाढवा'. अक्षरांखाली बाण, वर जाणारा. चुकून कोपर लागलं तर पंचाईत नको म्हणून दाबल्यावर एक प्रश्न, 'नक्की वाढवायचं?' आणि त्याखाली 'हो' आणि 'नाही'.

मी ते मोडायला बसले. ओल्या बोटानं दाबलं, पिठाच्या, तेलाच्या बोटानं दाबलं. केळीच्या चिकानं काळी झालेली बोटं कशी चालतील ते बघायला यावलच्या एका मावशींना बोलावलं. मध्येच लाईट घालवली, मध्येच आणली, यंत्र आडवं केलं, बोटाचा चिमटा काढून बकरीच्या कानाला लावला. काही मोडेना. इतकं न मोडणारं काम माझ्यापुढे कधी आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच आला.

पहिल्या काही यंत्रांतलं एक डिंपलनं स्वतःच्या घरी मागून घेतलं. तिचे वडील सुपडूआबा जन्मभर जिनिंगमध्ये कामाला होते. सरकीपासून कापूस सुटा होतो तिथे हवेत इतकी तूस उडते की माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. ती तूस आबांच्या छातीत जाऊन बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी ऑक्सिजन ठेवा, नीट लक्ष द्या, अजून काही वर्षं मजेत काढतील. डिंपलला ती वर्षं हवी होती. एकुलती एक लेक, लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आबांना धाप लागायची थांबू दे, मग मांडवात धावायला लावते त्यांना."

यंत्र लावायला मीही असोद्याला गेले. आबा पलंगावर टेकून बसले होते. यंत्र सुरू झालं, घर्रघर्र करायला लागलं. आबांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"चांगला जावई आनला व पोरी," ते म्हणाले. "आल्या आल्या घोरून राह्यला."

डिंपलची आई लताबाई हसता हसता पदर तोंडाशी नेत होत्या. बाई हुशार. शाळा गावातलीच आणि थोडीच, पण वाचनाचा सोस फार. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायच्या नाहीत, आणि पेपर रोज आबांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. डिंपलनं त्यांना नळी कशी लावायची, पाणी कधी बदलायचं, चिमटा कुठल्या बोटाला, सगळं दाखवलं. स्क्रीनपाशी आली आणि थांबली.

"याचं मी काही सांगत नही, आई. हा सोताच इचारीन. तू वाचजो, अन तो इचारीन तसं कर."

मी म्हटलं, "एकदा दाबून दाखव ना."

"दाखवलं तर परीक्षा कसली?" डिंपल म्हणाली. "माझ्या आईला न सांगता कळला, तर सगळ्या खान्देशाला कळला."

तिचा चेहरा त्या वेळी इतका खुलला होता की मी पुढे बोललेच नाही. आईवर इतका विश्वास टाकणारी पोर मला आवडली.

दिवाळी गेली, थंडी पडली. आबांचं बरं चाललं होतं. स्क्रीन हिरवाच असायचा. डिंपल सकाळी ऑफिसात आली की सांगायची, आज आबा ओट्यावर बसले, आज भरताची फर्माईश केली, आज जावयाला शिवी दिली. लाल होण्याची वेळ तिच्या देखत कधी आली नाही.

मग धुळ्याचं बोलावणं आलं. तिथल्या काही डॉक्टरांना यंत्र दाखवायचं होतं. मी आणि डिंपल सरांच्या गाडीनं निघालो. एका हॉलमध्ये डॉक्टर मंडळी चहा-बिस्किटं घेऊन बसली होती. फोन बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं, तर आम्ही ते आवाज घालवून पर्समध्ये टाकले. डिंपल छान बोलली. तिनं यंत्राला खोटा आकडा देऊन स्क्रीन लाल करून दाखवला. एका पोक्त डॉक्टरांना पुढे बोलावलं आणि म्हणाली, "सर, तुम्हाला काही सांगत नाही, तुम्हीच करा." त्यांनी 'वाढवा' दाबलं, 'हो' दाबलं, स्क्रीन हिरवा झाला. ते म्हणाले, "ह्याला काय शिकवायला नको बुवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डिंपलकडे पाहून डोळा मारला.

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा तिनं फोन बाहेर काढला. आईचे फोन येऊन गेले होते. एक नाही, ओळीनं. तिनं लावला तर शेजारच्या सुनंदाबाईंनी उचलला. त्यांनी फार काही सांगितलं नाही. "तू ये, बाई," एवढंच म्हणाल्या. डिंपलच्या हातातला चहा तसाच राहिला. एरंडोल गेलं, जळगाव आलं. मला आठवतं, ती सारखी आपल्याच बोटाला चिमटा लावल्यासारखं बोट दाबून धरत होती.

दुपारी आबांची धाप वाढली होती. लताबाईंनी आधी लेकीला फोन केले, मग सुनंदाबाईंना हाक मारली. त्यांच्या मुलानं गाडी आणली. गाडीत घालायच्या आधीच आबा गेले.

डॉक्टर नंतर डिंपलशी बोलले. माणूस चांगला, पण बोलायला नको ते बोलून गेला. ऑक्सिजन वेळेवर एक-दोन पायऱ्या चढला असता तर दवाखान्यापर्यंत आले असते, म्हणाला. ते वाक्य तिनं धरून ठेवलं. यंत्र तर चढवायला सांगतंच. मग चढलं का नाही?

क्रियाकर्म चालू असतानाच तिनं यंत्र ऑफिसात पाठवून दिलं. बरोबर निरोप, "हेमांगी, मोड."

मी त्या यंत्रावर जेवढी मेहनत घेतली तेवढी कशावरच घेतली नसेल. देवाशपथ, मला ते मोडायचं होतं. एखादी तार ढिली निघावी, भोंगा मुका निघावा, काहीतरी कंपनीच्या माथी मारता यावं. पण भोंगा खणखणीत वाजत होता. स्क्रीन वेळेवर लाल होत होता. बटण दाबलं की पायरी चढत होती. फक्त यंत्र खालच्याच पायरीवर उभं होतं, डिंपलनं पहिल्या दिवशी लावून दिलं होतं तिथेच. त्याला कुणी वर चढवलंच नव्हतं.

मी डिंपलला फोनवर सांगितलं.

"आईचा डोळा लागला असेल," ती म्हणाली. "रात्र-रात्र जागायची ती. ऐकू आलं नसेल."

"विचारलंस?"

"कसं विचारू? तू झोपली होतीस का, असं? आता?"

नाहीच विचारता येत. मी तरी विचारलं असतं का? आईला असा प्रश्न एकदा विचारला की तो तिच्या ताटात, तिच्या अंथरुणात, सगळीकडे जाऊन बसतो. डिंपलनं ठरवून टाकलं होतं, की आईला झोप लागली आणि हे आपण कधीच बोलायचं नाही. एवढं ठरवल्यावर तिला जरा बरं वाटलं असावं. आईवर रागवायचं नाही, यंत्रावर रागवायचं नाही, उरला राग धुळ्याच्या त्या हॉलवर काढायचा.

मी असोद्याला दारावर, म्हणजे सांत्वनाला, गेले ती त्यानंतर. पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती, भिंतीशी बायका टेकून बसल्या होत्या. लताबाई मधोमध. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले तशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे असंच असतं. जो येईल त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. सांगून सांगून ते गुळगुळीत होतं, मग कधीतरी गिळता येतं. पण डिंपलनं हे अजून ऐकलं नव्हतं. ती सारखी चुलीपुढे, चहाच्या आधणापुढे, आल्या-गेल्याच्या मागे. बहुतेक मुद्दामच. त्या वेळी मात्र ती चहाचं ताट घेऊन नेमकी दारात आली.

"सकायी चांगले जेवले बैन," लताबाई सांगत होत्या. "दुपारी धाप लागली. अन ते मशीन लाल झालं. लाल झालं अन वरडाले लागलं. मी वाचलं, वाढवा. अन खाली बान काढेल, वर जायाचा."

"अगं माय," कुणीतरी म्हणालं.

"माह्या भावाचं मी पाहेल व्हतं ना, झुलालचं. मोठ्या दवाखान्यात त्याले नळ्या लावेल व्हत्या. मंग डाक्टर बाहीर आला अन वहिनीले इचारलं, आता काढाच्या का? वहिनीनं हो म्हनलं अन झुलाल गेला. म्हनून मले समजलं, हे बी तसंच इचारून राह्यलं. चुकीसन माह्यं बोट लागलं त्याले, त त्यानं डबल इचारलं. नक्की वाढवायचं? मी म्हनलं, मेल्या, माह्या कुकवाचं मलेच इचारतो? मी 'नाही' दाबलं. ते थांबे अन पुना लाल होये, पुना वरडे. मी बोट लावलं की पुना इचारे, अन मी पुना नाही. जितक्या खेपा इचारलं तितक्या खेपा नाही म्हनलं. माह्या हातानं मी त्याईले वाढवू?"

भिंतीशी बसलेल्या बायका माना हलवत होत्या. "बरं केलं माय," सुनंदाबाई म्हणाल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाही बाईच्या मनात आलं नाही, की या शब्दाचा दुसराही अर्थ होतो. आणि मलाही त्या क्षणी आमचा बटणावरचा अर्थ आठवेना, त्यांचाच आठवला.

आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं असं कुणी म्हणत नाही, वाढलं म्हणतात. देवापुढचा दिवा विझवायचा नसतो, तोही वाढवायचा. जिथे शेवट म्हणायला जीभ धजत नाही तिथे बायकांनी पिढ्यानपिढ्या हाच शब्द ठेवला आहे. टीव्हीचा आवाज वाढव म्हटलं तर कुणी दचकत नाही, कारण पुढे आवाज आहे. डिंपलच्या बटणावर पुढे काहीच नव्हतं. नवऱ्याच्या नाकाला लावलेलं यंत्र, लाल रंग, वर जाणारा बाण, आणि एकटा शब्द. डिंपलही याच घरात वाढली, हेच शब्द ऐकत. पण स्क्रीनपुढे बसली की तिला स्क्रीनची मराठी यायची.

मी तिच्याकडे पाहिलं. सुनंदाबाईंनी उठून ताट तिच्या हातातून काढून घेतलं. ती आईपुढे येऊन खाली बसली. तिचा चेहरा मला बघवेना.

"डिंपल," लताबाई म्हणाल्या, "तू सांगतलं व्हतं, तो इचारीन तसं कर. मी त्याचं ऐकलं नही. तूच सांग, बराबर केलं ना मी?"

एका वाक्याचं काम होतं. आई, ते ऑक्सिजन वाढवायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर डिंपल निदान खरं बोलली असती. पण मग लताबाईंना उरलेला जन्म ते 'नाही' मोजत काढावा लागला असता. नवरा समोर तडफडत होता आणि यंत्र हात जोडून विचारत होतं, त्याला श्वास देऊ का, आणि आपण नाही म्हणत होतो. मला वाटलं, ही बोलणार. खोटं हिला कधी जमलंच नाही.

"बराबर केलं, आई," डिंपल म्हणाली. "ते बंद कराचंच बटन व्हतं. तू दाबलं नही ते चांगलं केलं."

लताबाईंच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मले वाटेच," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे पाहत राहिल्या. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली. वाचणारी बाई, विचार करणारी. गप्प कशी बसणार?

"मंग असं बटन ठेवलंच काहाले व पोरी?" त्यांनी विचारलं. "घरात ठेवाच्या मशीनीले? तुह्या आबाच्या उशाशी?"

मला ओरडून सांगायचं होतं, की हिनं असलं काही केलेलं नाही, हिनं श्वासाचं बटण केलं होतं, हिच्यासारखा स्क्रीन अख्ख्या जिल्ह्यात कुणाला करता येत नाही. पण तसं सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"चुकलं माह्यं, आई," डिंपल म्हणाली. "काढून टाकते."

लताबाईंनी तिच्या मनगटाला धरून तिला जवळ ओढलं. बायका चहाच्या कपांत गुंतल्या होत्या. लताबाईंनी आवाज अगदी बारीक केला, मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

"जाऊ दे. हापिसातल्या वरच्याईनं कराले लावलं असीन, तू काय करशीन. पन ते तू बनवेल हाये म्हनून गावात कोनाले सांगू नको. लोकं म्हनतीन, पोरीनंच बापासाठी तसं बटन केलं."

"नही सांगत," डिंपल म्हणाली.

आणि मग ती आईच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच, इतक्या मोठ्यानं की ओट्यावर बसलेली माणसं आत डोकावली. लताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि जो डोकावेल त्याला समजावत राहिल्या, "बापाची लाडकी व्हती ना. बापाची लई लाडकी व्हती."